लाव्हा टॉवरचा वळसा

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे आणि चढ म्हटला की आम्हा सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर तुळजापूरचा घाट येतो. त्यामुळे किलिमांजारोला जायचे ठरल्यावर सहा महिने मी तयारी केली ती पायांची: पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी चालणे, पाठीवर सॅक घेऊन इमारतीचे जिने आणि दोनदा कळसूबाई. उंचीची सवय मात्र घरी होत नाही, ती डोंगरावरच करून घ्यावी लागते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

या पर्वतावर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. आम्ही मचामे मार्ग घेतला. एक एजंट सहा दिवसांचाच कार्यक्रम घ्या म्हणून मागे लागला होता. एक दिवस आणि त्याचे पैसे फुकट का घालवता, असे त्याचे म्हणणे. सौ.ने हट्ट धरला म्हणून आम्ही सात दिवसांचा घेतला, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पहिले दोन दिवस जंगल आणि शिराचे पठार यांत सुखाने गेले. तिसऱ्या दिवशी सुमारे ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवर या काळ्या सुळक्यापर्यंत चढायचे आणि मुक्कामाला पुन्हा चार हजारांच्या खाली, बरांकोला उतरायचे, असा बेत होता. कमावलेली उंची गमवायची, हे मनाला पटत नव्हते. सुळक्यापाशी डोके घणाचे घाव पडल्यासारखे ठणकू लागले. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात असूनही एक तुकडा घशाखाली उतरेना. हवेतले प्राणवायूचे प्रमाण वरही सुमारे २१ टक्केच असते, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो, आणि श्वास वाढवून ही तूट भरून काढायला शरीराला काही दिवस लागतात. म्हणून दिवसा उंच चढायचे आणि रात्री खाली झोपायचे. उतरताना, उंच खोडांवर कोबीचे गड्डे ठेवावेत तशी दिसणारी सेनेसिओची झाडे लागली, तोवर ठणका ओसरला होता.

चौथ्या दिवशी बरांकोची भिंत हातापायांनी चढून आम्ही करांगाला थांबलो. एजंट वाचवू पाहत होता तो हाच मुक्काम. पाचव्या दिवशी बराफूला पोहोचलो. स्वाहिलीतला हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बराफूची उंची जवळपास लाव्हा टॉवरएवढीच, आणि तिथे तीच भाकरी गरम सूपमध्ये कुस्करून मी पोटभर खाल्ली. दोन दिवसांत माझ्या शरीराने काय कमावले, ते त्या वाडग्यात मला दिसले.

मध्यरात्री निघालो. वाटाड्याने 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, असे म्हणत धरलेली चाल एकदाही वाढवली नाही. एका श्वासाला एक पाऊल. पाण्याची नळी गोठली. स्टेला पॉइंटला उजाडले आणि आणखी तासाभराने आम्ही ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखरावर उभे राहिलो. सौ. रडत होती. वाटाड्याने आधी तिचा हातमोजा काढून नखांचा रंग पाहिला, मग माझा, आणि मगच फोटो काढला. पंधरा मिनिटे झाली असतील नसतील, तोच तो म्हणाला, "बाबा, आता खाली." स्वाहिलीतही बाबा म्हणजे बाबाच.