सापळ्यांची लाइन कशी चालवायची: न्यूझीलंडच्या जंगलात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडच्या जंगलात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. इथल्या पक्ष्यांना माहीत असलेला शत्रू आकाशातून यायचा आणि डोळ्यांनी हेरायचा. त्यामुळे धोका जाणवला की जागच्या जागी स्तब्ध बसायचं, पालापाचोळ्यात मिसळून जायचं, एवढं त्यांना पुरत होतं. वासावर माग काढणाऱ्या प्राण्यापुढे हीच सवय जिवावर बेतते. शिवाय कित्येक पक्षी जमिनीवर किंवा झाडाच्या ढोलीत घरटं करतात. काका हा इथला जंगली पोपट घ्या. त्याच्या ढोलीला बहुधा एकच तोंड असतं. मादी अंड्यांवर बसलेली असताना स्टोट (मुंगसासारखा सडपातळ, लांबट शिकारी प्राणी) आत शिरला की अंडी, पिल्लं आणि मादी, तिन्ही गेली.

हे सगळे शिकारी माणसानेच आणले. किओरे उंदीर माओरी लोकांच्या होड्यांमधून आला, नॉर्वे रॅट आणि शिप रॅट युरोपियन जहाजांमधून आले. पॉसम हे झाडावर राहणारे, पोटाला पिशवी असलेले प्राणी फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून 1837 पासून आणले गेले. ससे आवरेनात म्हणून 1880 च्या दशकात स्टोट आणि त्याचा छोटा भाऊबंद वीझल मुद्दाम सोडले, आणि पक्षीतज्ज्ञांनी त्याला तेव्हाच विरोध केला होता. पॉसम फक्त पाला खातो असा समज बरीच वर्षं टिकून होता. 1993 मध्ये कोकाको या इथल्या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात तो अंडी आणि पिल्लं खाताना सापडला. 2050 पर्यंत उंदीर, पॉसम आणि स्टोटच्या कुळातले प्राणी देशातून हद्दपार करायचे, असं उद्दिष्ट सरकारने जुलै 2016 मध्ये जाहीर केलं. त्या कामाचा मोठा भाग आज गावोगावचे स्वयंसेवक करतात, आणि आपली बरीच मराठी मंडळीही आता या गटांत दिसतात. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. महिन्याला किती उंदीर मारले हा आकडा जंगलाबद्दल फारसं काही सांगत नाही. चाळीस उंदीर मिळाले याचा अर्थ काम छान चाललंय असाही होतो आणि जंगलात चारशे शिल्लक आहेत असाही होतो. विणीच्या हंगामात किती उरले, यावर घरट्यांचं भवितव्य ठरतं. म्हणून सापळ्यांमधलं अंतर, तपासणीची नियमितता आणि मोजणी या तीन गोष्टींना पकडलेल्या प्राण्यांपेक्षा जास्त किंमत द्या.

अंतराचं गणित प्राण्याच्या हद्दीवर ठरतं. उंदीर लहान परिघात फिरतो, त्यामुळे उंदरांसाठी लाइनी एकमेकींपासून 100 मीटरवर आणि लाइनीवरचे सापळे 50 मीटरवर लागतात. याहून विरळ लावले तर मधल्या पट्ट्यात एखादी उंदरीण आयुष्यभर सापळ्याचं तोंडही न पाहता वीत राहते. स्टोट एका फेरीत खूप लांब जातो, म्हणून त्याच्यासाठी सापळे 100 ते 200 मीटरवर आणि लाइनी 800 मीटर ते एक किलोमीटरवर असल्या तरी चालतं. हातात वीसच सापळे असतील तर ते मोठ्या डोंगरभर पसरू नका. एक छोटी घळ निवडा आणि ती दाट जाळीने भरा. शहरी वस्तीत साधारण दर पाच घरांमागे एका परसात सापळा असावा, असा हिशेब धरतात.

जागा निवडताना प्राण्यासारखा विचार करावा लागतो. स्टोट कडेकडेने जातो: ओढ्याचा काठ, डोंगराची सोंड, कुंपण, पायवाट, जंगल आणि गवताची सीमा. उंदीर आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या बाजूने आणि मुळांच्या बेचक्यांतून जातो. पेटी अशा वाटेला लागून ठेवा, आणि तिचं तोंड पाला साठेल अशा खळग्याकडे नको. पेटी हलता कामा नये. चारही कोपरे जमिनीला टेकले आहेत का ते हाताने दाबून बघा. पाय ठेवताच डुगडुगणाऱ्या पेटीत स्टोट शिरत नाही. नव्या लाकडाचा वास आणि नव्या वस्तूची भीती हा उंदरांच्या बाबतीत खरा अडथळा आहे, नॉर्वे रॅट तर फारच संशयी. नवी पेटी दोनेक आठवडे सापळा न चढवता, आत थोडं पीनट बटर लावून ठेवली तर पुढे फायदा होतो.

सर्वात जास्त दिसणारा सापळा म्हणजे डॉक 200. डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनने तो तयार केला आणि स्टोट, उंदीर, हेजहॉग या तिघांसाठी तो चालतो. स्टोटच्याच कुळातले, पण मोठे फेरेट असतील तर त्याहून मोठा डॉक 250 लागतो. सापळा उघडा कधीच ठेवायचा नाही, तो लाकडी पेटीतच बसतो. पेटीच्या तोंडाशी 60 मिलिमीटरचं चौकोनी भोक असतं. त्याच्या आत जाळीचा आणखी एक पडदा असतो आणि पडद्याचं भोक बाहेरच्या भोकासमोर नसून बाजूला सरकलेलं असतं. ही तिरकी वाट मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे प्राणी सापळा उडवणाऱ्या पट्टीवर योग्य ठिकाणी पाय ठेवतो, डोक्यावर फटका बसून लगेच मरतो, आणि वेका, कीवी हे जमिनीवरचे पक्षी किंवा एखाद्या मुलाचा हात आतपर्यंत पोचत नाही. आमिष पट्टीच्या पलीकडे, मागच्या जाळीजवळ ठेवायचं, म्हणजे प्राण्याला पट्टी ओलांडावीच लागते.

हा सापळा बिघडतो तो बहुतेक वेळा पट्टीपाशी. 100 ग्रॅमच्या आसपास वजन पडलं की सापळा उडेल, अशी ती लावलेली असावी. मातीचा थर, गंज, पट्टीखाली गेलेला आमिषाचा तुकडा किंवा अंड्याचं कवच, यातलं काहीही तिला जड करतं. मग अंगाने जड प्राणी सापळा वाजवतो, पण स्टोटची हलकी मादी तिच्यावरून चालत जाते आणि अंडं खाऊन परत येते. आमिष गेलंय आणि सापळा तसाच चढलेला, असं दिसलं की आधी ही शंका घ्या. दुसरी शक्यता घरातल्या चिमुकल्या उंदरांची: वीस ग्रॅमचा तो प्राणी पट्टी हलवू शकत नाही आणि पीनट बटर चाटून संपवतो. दोन्हींतला फरक दातांच्या आणि विष्ठेच्या खुणांवरून कळतो. 100 ग्रॅम वाळू मोजून एक छोटी पिशवी शिवा आणि सॅकमध्ये ठेवा. लांब काठीने ती पट्टीवर अलगद सोडायची. सापळा वाजला पाहिजे. दर काही महिन्यांनी प्रत्येक सापळ्याची अशी चाचणी घ्या, आणि वायर ब्रशने गंज काढा.

डॉक 200 चा दांडा बोटं मोडू शकतो. चढवण्याचं हत्यार वापरा, सेफ्टी क्लिप लावल्याशिवाय हात पेटीत घालू नका, क्लिप सगळ्यात शेवटी काढा, आणि झाकणाचा स्क्रू घट्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. हातमोजे घालायचे ते मुख्यतः लेप्टोस्पायरोसिसपासून बचाव म्हणून. माणसाच्या वासाने उंदीर पळतो ही भीती मला अतिशयोक्त वाटते. उंदराच्या मुताने ओला झालेला हात डोळ्याला लागणं हा मात्र खरा धोका आहे.

परसात किंवा फक्त उंदरांसाठी व्हिक्टरसारखा साधा स्नॅप ट्रॅप पुरतो, पण तोही बोगद्यात. आमिष लावायची पट्टी तोंडाच्या बाजूला ठेवा, म्हणजे दांडा मानेवर येतो. उलटा ठेवला तर उंदीर पाठीवर मार खाऊन जखमी अवस्थेत निसटतो, आणि असा उंदीर पुन्हा सापळ्याजवळ येत नाही. पीनट बटर वाटाण्याएवढं पुरे. जास्त लावलं की तो कडेकडेने चाटतो आणि सापळा वाजतच नाही. मुंग्या आणि गोगलगायी दोन-तीन दिवसांत आमिष साफ करतात, म्हणून उंदरांच्या मोहिमेच्या सुरुवातीला आठवड्यातून एकदा फेरी हवी.

स्टोटला मांस आवडतं. अंडं टिकाऊ म्हणून सोयीचं, पण सुकवलेलं किंवा खारवलेलं सशाचं मांस जास्त ओढतं. सगळ्या सापळ्यांत वर्षभर एकच आमिष ठेवू नका. अंड्याला न भुललेला स्टोट दहा पेट्यांतल्या दहाही अंड्यांना भुलणार नाही. उन्हाळ्यात मांस चटकन कुजतं आणि कुजलेल्या तुकड्याला स्टोट तोंड लावत नाही.

पॉसमचे सापळे झाडावर ठोकतात. पीठ आणि पिठीसाखर 5:1 प्रमाणात घेऊन त्यात दालचिनी घाला आणि सापळ्याखालच्या खोडावर पांढरा पट्टा ओढा. पॉसम रात्री तो पट्टा बघून आणि चाटत वर येतो. कीवी किंवा वेका असलेल्या भागात पॉसमचा सापळा जमिनीपासून किमान 70 सेंटिमीटर वर हवा. जिवंत पकडणारा पिंजरा किंवा पाय धरणारा सापळा लावलात, तर ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट 1999 नुसार रोज, सूर्योदयानंतर 12 तासांच्या आत तो तपासणं बंधनकारक आहे. नोकरी सांभाळून हे जमणार नसेल तर असे सापळे घेऊच नका. प्राण्याला तडफडत ठेवून केलेलं संवर्धन मला मान्य नाही, आणि गटातल्या कोणालाही नसावं.

गुडनेचर कंपनीचा ए24 हा स्वतः पुन्हा चढणारा सापळा 16 ग्रॅमच्या गॅस कॅनिस्टरवर 24 फटके देतो. दुर्गम जागी तो उपयोगी आहे, पण ‘लावा आणि विसरा’ असा नाही. जमिनीपासून 12 सेंटिमीटरवर नेमका बसवावा लागतो, गॅस गळतो, आमिषाला बुरशी येते. शिवाय मेलेले उंदीर मांजरं किंवा इतर प्राणी उचलून नेतात, त्यामुळे खाली काही पडलेलं नाही म्हणजे तो चालत नाही असंही ठरवता येत नाही. प्रत्येक फेरीत एकदा हाताने, काडी घालून, उडवून बघा.

आता मोजणी. यासाठी ट्रॅकिंग टनेल वापरतात: प्लास्टिकचा बोगदा, आत मधोमध शाई असलेलं कार्ड, टोकांना पीनट बटर. एका लाइनीवर 10 बोगदे, 50 मीटर अंतराने, फक्त एका कोरड्या रात्रीसाठी. दहापैकी तीन कार्डांवर उंदराचे ठसे असतील तर त्या लाइनीचा निर्देशांक 30 टक्के. कोकाकोसारख्या नाजूक पक्ष्यांसाठी विणीच्या सुरुवातीला तो 5 टक्क्यांच्या आत हवा असतो. बोगदे पहिल्या मोजणीच्या तीन आठवडे आधीच जागेवर ठेवा, नाहीतर उंदीर बिचकतो आणि आकडा खोटा कमी येतो. पावसाच्या रात्री मोजलेला आकडाही असाच फसवा. स्टोटसाठी वेगळं सत्र घ्यावं लागतं, मांसाचं आमिष लावून तीन रात्री. दरवर्षी त्याच महिन्यांत मोजा. फेब्रुवारीचा आकडा ऑगस्टच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

हाताशी फार माणसं नसतील तर च्यू कार्ड हा सोपा मार्ग आहे. पन्हाळीदार प्लास्टिकच्या पट्टीच्या नळ्यांत पीनट बटर दाबून भरायचं, ती दुमडून झाडाला जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर ठोकायची आणि सात रात्रींनी काढायची. कार्ड हातात घेऊन उजेडात तिरकं धरा. उंदराने कुरतडलेली कड बारीक करवतीसारखी कातरलेली असते, दोन दातांच्या जोडखाचा शेजारी शेजारी दिसतात. पॉसम चावत नाही, चिरडतो. त्याने धरलेला भाग चपटा होऊन नळ्या दबून गेलेल्या असतात. घरातल्या छोट्या उंदराच्या खुणा इतक्या बारीक असतात की कड नुसती खरखरीत झाल्यासारखी वाटते.

पक्ष्यांसाठी पाच मिनिटांची गणना करतात. ठरलेल्या जागी पाच मिनिटं उभं राहायचं आणि दिसलेला, ऐकू आलेला प्रत्येक पक्षी नोंदवायचा. केरेरू या इथल्या मोठ्या रानकबुतराकडे विशेष लक्ष द्या. ताराइरे, कराका यांसारख्या झाडांची मोठी फळं अख्खी गिळून बी दूर टाकू शकेल असा दुसरा पक्षी आज जंगलात जवळपास उरलेला नाही. केरेरू गेला तर ती झाडं आईच्या सावलीतच रुजत राहतील.

ज्या वर्षी बीचच्या झाडांना भरघोस बी येतं, त्या वर्षी सगळं गणित बदलतं. बी पडलं की उंदीर वाढतात, उंदीर वाढले की त्यामागून स्टोट वाढतात, आणि बी रुजून संपल्यावर ही सगळी भूक पक्ष्यांकडे वळते. अशा वेळी हाताने चालवलेली लाइन बीचच्या विस्तीर्ण जंगलात पुरी पडत नाही. तिथे सरकारी पातळीवर विषारी आमिषाची हवाई मोहीम घेतात. छोट्या गटाने निदान फेऱ्या दुप्पट कराव्यात आणि आमिषाचा साठा आधीच भरून ठेवावा.

पायवाट सोडायची असेल तर जमिनीच्या मालकाची किंवा काउन्सिलची परवानगी घ्या. कौरी या इथल्या महाकाय वृक्षाच्या प्रदेशात बूट आधी ब्रशने घासा, मग जंतुनाशक फवारा, जाताना आणि येतानाही. चिखल तसाच ठेवून फवारलेलं औषध मुळं कुजवणाऱ्या रोगजंतूपर्यंत पोचत नाही. नोंद त्याच दिवशी ट्रॅप डॉट एनझेड या संकेतस्थळावर करा, आणि सापळा रिकामा असला तरी करा. ‘रिकामा, आमिष बदललं’ आणि ‘तपासलाच नाही’ यांतला फरक वर्षाअखेरीस फक्त नोंदीतूनच कळतो.

शेवटची गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. आपण बहुतेक जण डिसेंबर-जानेवारीत भारतात जातो. नेमक्या याच दिवसांत स्टोटची पिल्लं घरटं सोडून नव्या हद्दीच्या शोधात बाहेर पडतात. एका मादीला बारापर्यंत पिल्लं होऊ शकतात, आणि त्यांतल्या माद्या घरट्यात असतानाच गाभण झालेल्या असतात. म्हणजे तुमच्या रिकाम्या लाइनीवरून गेलेली एकटी पिल्लू-मादी पुढच्या वसंतात पूर्ण वीण घालू शकते. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात गटाला कळवा. बदली माणसाला एकदा पूर्ण लाइन सोबत चालून दाखवा: कुठला स्क्रू आडवा जातो, कुठल्या पेटीला पुराचं पाणी लागतं, चढवायचं हत्यार कुठे ठेवलंय. आमिष आणि वाळूची पिशवी त्याच्या हातात द्या आणि मग निघा.