रस्ता रुंद का करत नाहीत?

पुण्याहून कुणी आमच्याकडे राहायला आलं की पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. फोनवर मावश्या विचारतात, जुन्या मैत्रिणी विचारतात, इंग्लंडला फिरायला येऊन गेलेले लोकही विचारतात: "एवढा श्रीमंत देश, आणि तुमच्या गावाला जायला हा एवढासा रस्ता? रुंद का करत नाहीत?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आम्ही राहतो डेव्हनमध्ये, इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. कोकणातली पाणंद ज्याने पाहिली आहे त्याला इथली लेन लगेच कळेल. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे मातीचे बांध, बांधांवर हेझल आणि हॉथॉर्नची दाट झाडी, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढं डांबर, आणि कित्येक ठिकाणी त्या डांबरातूनही मधोमध गवत उगवलेलं. या रस्त्यावरून दुधाचा टँकर जातो, शाळेची बस जाते, कुरिअरच्या व्हॅन जातात आणि ऑगस्टमध्ये मागे कॅरव्हॅन जोडलेले पर्यटक येतात. डेव्हन काउंटी कौन्सिलकडे (आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) सुमारे १३,००० किलोमीटर रस्ते आहेत, इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. त्यांत असल्या अरुंद लेन भरपूर.

मग समोरून गाडी आली की काय करायचं? ठरावीक अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. ती ज्याच्या जवळ असेल त्याने मागे जायचं. ट्रॅक्टरला ट्रेलर लावलेला असेल तर अंतर न मोजता आपणच मागे जायचं, आणि दुधाच्या टँकरसाठी तर सगळेच जातात, कारण गाई कुणासाठी थांबत नाहीत. चढावर येणाऱ्याला वाट द्यावी, असं हायवे कोडही, म्हणजे इथली वाहतूक नियमांची पुस्तिका, सांगतो. शेवटी दोन्ही गाड्या एकमेकींना घासून पुढे जाताना स्टिअरिंगवरचं बोट किंवा हात वर होतो. तेवढं झालं की माणूस पुढच्या वळणापर्यंत खूश. हात वर न करणाऱ्याची गाडी गावाच्या लक्षात राहते.

घोडा दिसला तर वेग ताशी १० मैलांच्या आत आणायचा आणि किमान २ मीटर अंतर सोडायचं. २०२२ च्या जानेवारीत हायवे कोड सुधारला तेव्हा हे आकडे त्यात स्पष्ट आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाळी, जरा उबदार रात्री टोड, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, तळ्याकडे निघतात आणि नेमका रस्ता ओलांडतात. तेव्हा लोक टॉर्च आणि बादल्या घेऊन बाहेर पडतात, त्यांना उचलून पलीकडे सोडतात. फ्रॉगलाइफ ही संस्था असे ओलांडण्याचे रस्ते नोंदवून ठेवते. मला या कामाचं मनापासून कौतुक आहे. दिवसभर कामावरून थकून आलेली माणसं रात्री पावसात वाकून बेडूक गोळा करतात, आणि त्याबद्दल दुसऱ्या दिवशी कुणी काही बोलतही नाही.

खरा त्रास आहे वेगाचा. वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा १९३५ पासून आहे, आणि अनेक गावांनी ती आता २० वर आणली आहे. पण गावाची हद्द संपली की पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसते: राष्ट्रीय मर्यादा, म्हणजे मधे दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यावर मोटारीला ताशी ६० मैल, जवळपास ९७ किलोमीटर. ज्या लेनमध्ये पुढचं वळण दिसत नाही तिथेही कायद्याने ६०! डोकं ठिकाणावर असलेला कुणी तिथे त्या वेगाने जात नाही, पण पाटी तेच सांगते, आणि नवख्या माणसाला ती परवानगी वाटते. ब्रिटनमध्ये रस्त्यावर होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. मोटरवेवर नाही, आमच्यासारख्या शांत रस्त्यांवर. हे मला अजिबात मान्य नाही, आणि पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मी ते बोलतेही.

पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा. १८९४ च्या कायद्याने ती आली. व्हिलेज हॉलमध्ये बैठक असते, सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला वेळ देतात, आणि बोलणं फिरून फिरून रस्त्यावर येतं. शाळा सुटताना फुटपाथवर चढवलेल्या गाड्या, त्यामुळे बाबागाडीसकट रस्त्यावर उतरणाऱ्या आया, चर्चमध्ये अंत्यसंस्कार असला की पार्किंग, आणि खड्डे. पंचाईत अशी की रस्ते पॅरिशच्या हातात नाहीत, काउंटीच्या हातात आहेत. पॅरिशने पत्र लिहायचं, वेग दाखवणारा फलक स्वतःच्या पैशाने लावायचा. बाकी लोकांनीच करायचं. आमच्याकडे निवृत्त मंडळी पिवळी जाकिटं घालून, वेग मोजायचं यंत्र घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात, गाड्यांचे नंबर पोलिसांना कळवतात, आणि मालकाच्या घरी समजावणीचं पत्र जातं. दंड होत नाही. तरी त्या सकाळी गाड्या हळू जातात, हे मी पाहिलं आहे.

आता तुमचा प्रश्न. रुंद करायचं तर बांध पाडायचे. डेव्हनमधले कितीतरी बांध मध्ययुगातले आहेत, काही आठशे वर्षांहून जुने. आधी शेतांच्या हद्दी पडल्या आणि उरलेल्या जागेतून वाट गेली. एप्रिल-मेमध्ये त्यांवर प्रिमरोझ, ब्लूबेल, मग फॉक्सग्लोव्ह फुलतात. त्यांच्या झाडीत डॉरमाउस राहतो, तोंडाने उंदरासारखा पण झुबकेदार शेपटीचा. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. १९९७ च्या नियमांनुसार गावाबाहेरचं असं जुनं कुंपण स्थानिक नियोजन खात्याला आधी कळवल्याशिवाय शेतकऱ्यालाही काढता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेची झाडं चौपदरीकरणात गेली तेव्हा तुमच्यापैकी किती जणांना वाईट वाटलं होतं, आठवून बघा. आणि समजा पाडले बांध, तर काय मिळेल? वेग. आमच्याकडे वेगाला आवर घालणारी सगळ्यात खात्रीची गोष्ट हा अरुंदपणाच आहे.

म्हणून माझं उत्तर: रस्ता आहे तसा राहू दे, रस्त्यावरच्या गाड्या कमी करा. गाड्या वाढल्या त्याला कारण आहे. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करायची शिफारस केली. बरंच काही बंद झालं, त्यानंतर गावांतल्या बस कमी होत गेल्या, आणि घरटी दोन गाड्या ही गरज होऊन बसली. शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू झाल्यावर त्यांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. त्यांच्याकडे ज्येष्ठांचा पास आहे, सकाळी साडेनऊनंतर बस फुकट. पण बस असेल तर ना! शनिवारी दुपारनंतर गावातून एकही नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या जानेवारीपासून बहुतेक बसचं एकेरी तिकीट ३ पौंडांपुरतं मर्यादित आहे, ते चांगलंच झालं. न येणाऱ्या बसला मात्र त्याचा उपयोग नाही.

हे परत आणता येतं, याचा दाखला डेव्हनमध्येच आहे. ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी रेल्वेगाडी १९७२ मध्ये बंद पडली होती, ती २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. जवळजवळ पन्नास वर्षांनी! लोक तोवर मागतच राहिले होते. आमची मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे: शनिवारी दुपारी जायला एक बस आणि संध्याकाळी परत यायला एक. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती घ्यावी म्हणून मी पॅरिश कौन्सिलच्या क्लार्कना, म्हणजे सचिवांना, लिहिलं आहे.