थारला बंपर आणि विंच बसवताना

पेठ-हरसूलकडच्या पावसात किंवा निफाडच्या काळ्या मातीत गाडी अ‍ॅक्सलपर्यंत रुतली की तिला बाहेर काढायला तिच्या वजनाइतकी, कधी त्याहून जास्त ओढ लागते. म्हणून भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ताकदीचं विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र, घ्यायचं. गाडी २२०० किलोची धरली तर ३३०० किलो. ९५०० पौंडांचं, म्हणजे साधारण ४३०० किलोचं विंच योग्य ठरतं, कारण हा आकडा ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थरापुरताच खरा असतो. चौथ्या थरावर त्यातला जवळपास तिसरा हिस्सा जातो.

ही सगळी ओढ चार बोल्टमधून विंचखालच्या प्लेटवर आणि प्लेटवरून चेसिसवर येते. प्लेट निदान ६ मिमीची हवी आणि ती चेसिसच्या मूळ भोकांवरच बसली पाहिजे. नाशिकच्या अंबड-सातपूरला लेझर कटिंग सहज होतं, पण चेसिसवर वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने तिथला पोलाद कमजोर होतो. चेसिसचे बोल्ट ८.८ ग्रेडचे, एम-१२ असतील तर साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळायचे आणि पहिल्या खेचीनंतर पुन्हा तपासायचे. विंचच्या पायाचे बोल्ट मात्र नीट मोजा. प्लेट जाड घेतली की सोबत आलेला बोल्ट आखूड पडतो, दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि ताण आला की आटे सोलून निघतो. फार लांब घेतला तर तळाला टेकतो. घट्ट वाटतो, पण प्लेट आवळलेलीच नसते.

बंपर आणि बॉडीत १०-१५ मिमी फट ठेवा. खडकाळ वाटेवर चेसिस पिळते, फट नसेल तर फेंडर घासतो. विंचच्या क्लचची (ड्रम मोकळा सोडणारी) दांडी बंपर चढवल्यावरही हाताने फिरते ना, हे पूर्ण आवळण्याआधी बघा. रेडिएटरसमोर हवेला वाट ठेवा, नाहीतर कसारा घाट चढताना तापमान वाढतं. पुढचे एअरबॅग सेन्सर जागेवरून हलवू नका.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत. धडकेत पादचाऱ्याला जास्त इजा होते, एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो. म्हणून पाइपांचा सांगाडा नकोच. मूळ बंपरमागे लपणारी प्लेट आमच्या मते सगळ्यात शहाणा पर्याय आहे. तरीही आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारून घ्या.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. पूर्ण ताणावर विंच ४०० अँपिअरच्या आसपास खेचतं. ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल घ्या, लांबी वाढली तर ५० ची. अर्थिंग चेसिसला नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला; रंग आणि गंजामुळे तिथे व्होल्टेज पडतं, जोड तापतो. पॉझिटिव्हवर बॅटरीजवळ आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) असू द्या. केबल पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब, कडांवर रबरी नळी घालून न्या.

दोर ज्यातून ड्रमवर येतो तो फेअरलीड सिंथेटिक दोराला अ‍ॅल्युमिनियमचा गुळगुळीत, तारेच्या दोराला रोलरचा. जुन्या तारेने खरवडलेल्या रोलरवर सिंथेटिक दोर कापला जातो. नवा दोर तसाच गुंडाळायचा नाही: हलक्या चढावर हुक झाडाच्या पट्ट्याला लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, ब्रेक किंचित दाबून गाडी ओढत दोर ताणात भरा. सैल भरला तर पहिल्याच जोरदार खेचीत वरचा वेढा खालच्या थरांत रुततो आणि तिथेच अडकतो.