मांडी की मंडी

कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा. आपल्या बेळगावकडचे कन्नड लोक मोणकाल म्हणतात, मंडी जास्त करून म्हैसूरकडं, आणि आज्जीला ज्या डॉक्टरांना दाखवलं ते नेमके तिकडचे. आज्जी सांगतेय, डॉक्टर मांडी दुखती ओ, मांडी, आतल्या बाजूनं. ते विचारतायत मंडी नोवा अज्जी? आणि ही जोरात मान हलवतेय, व्हय व्हय मांडी. झालं, गुडघ्याचा एक्स-रे, गुडघ्याचा पट्टा, गोळ्या, आणि ८१ व्या वर्षी गुडघा झिजलेला नसेल तर नवलच, त्यामुळं एक्स-रे बघून सगळ्यांचं समाधान.

दोष सगळा त्यांचाच असं नाही म्हणणार मी, कारण आज्जी हात मांडीवरून खाली फिरवत गुडघ्यापर्यंतच न्यायची, कळ तिथंच जाऊन थांबायची. आम्ही पण पाच महिने तेल चोळलं की.

एक गोष्ट मात्र रोज डोळ्यासमोर होती आणि कुणाच्या डोक्यात आली नाही. खानापूरकडच्या आमच्या घरी आज्जी कट्ट्यावर रताळ्यांची माती पुसत बसायची ती उजवा पाय पोटाशी घट्ट दुमडून. झोपायची पण तशीच. पाय सरळ कर म्हटलं की ओरडायची, दुमडला की गप्प. गुडघा दुखणारं माणूस पाय दुमडायला घाबरतं ना, हिचं सगळं उलटं. मधे मधे पोट फुगायचं, एक दोन ओकाऱ्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बरं, मग आम्ही गॅस म्हणून ओवा द्यायचो.

एका रात्री ओकारी थांबेचना, शेवटी हिरवी पडायला लागली, पोट टम्म, गॅस पण सरेना. पहाटे गाडी करून बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जन मॅडमनी पोट तपासलं, जांघेत दोन्हीकडं हात लावून बघितलं, गाठ काय नव्हती. मग पाय कधीपासून दुखतोय विचारलं आणि तो सरळ करून बाहेरच्या बाजूला नेऊन आत वळवला, आज्जी किंचाळलीच. परत दुमडला, शांत. मॅडम म्हणाल्या लगेच सीटी स्कॅन करा.

ऑब्चुरेटर हर्निया. मी नाव पहिल्यांदाच ऐकलं. माझा मामेभाऊ हुबळीला सर्जरी शिकतोय, त्यानं फोनवर सांगितलं ते असं, कमरेखालच्या हाडाला पुढं दोन्हीकडं एकेक मोठं भोक असतं, पडद्यानं झाकलेलं, वरच्या कोपऱ्यात एक छोटी वाट असते, त्यातून एक नस मांडीत उतरते. त्या वाटेत चरबी भरलेली असते म्हणून आतडं घुसत नाही. वय झालं, अंग वाळलं की चरबी जाते आणि वाट मोकळी. आज्जीचं वजन ३४ किलो, बाळंतपणं सहा. आतडं तिथं अडकलं की नस दाबली जाते आणि ती नस मांडीच्या आतल्या बाजूला गुडघ्यापर्यंत जाते, म्हणून कळ तिथं. गाठ दिसत नाही कारण ती मांडीच्या स्नायूंच्या मागं लपलेली. जास्त करून वाळलेल्या म्हाताऱ्या बायकांचा हा आजार, त्यातही उजवीकडं जास्त, आणि सगळ्या हर्नियांत शंभरात एक पण नसेल. पाय सरळ केला की कळ आणि दुमडला की आराम, ह्या खुणेला हॉवशिप आणि रॉम्बर्ग अशा दोन जुन्या डॉक्टरांचं नाव आहे म्हणे.

आमच्याकडं बायकांना हर्निया होतच नाही असं मोठी माणसं ठामपणे सांगतात. होतो. बायकांत जांघेच्या घडीखाली मांडीच्या सुरुवातीला येणारा फेमोरल हर्निया असतो, त्याची वाट इतकी अरुंद की आतडं पटकन आवळतं, म्हणून तो सापडला की ऑपरेशन पुढं ढकलत नाहीत. भाऊ एकदा सुरू झाला की थांबत नाही, १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमायंड नावाच्या सर्जननं ११ वर्षांच्या पोराचा हर्निया उघडला तर आत अपेंडिक्स, आणि त्यात टाचणी अडकलेली! भूल द्यायची सोय नसलेला काळ तो. मी म्हटलं बाबा आज्जी आत आहे, टाचणीचं नंतर सांग.

ऑपरेशन त्याच दिवशी पोट उघडून केलं. आतड्याच्या भिंतीची एकच बाजू भोकात चिमटलेली, पण ती काळी पडलेली, तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. भोक टाक्यांनी बंद केलं, हर्नियाच्या भोकावर लावतात ती जाळी घातली नाही कारण आतडं कापलं की जाळीला जंतू धरायची भीती. डावीकडचं भोक पण बघून घेतलं, ते ठीक होतं. मॅडमनी हे सगळं केसपेपरच्या मागं पेननं चित्र काढून मामांना समजावलं, तो कागद अजून देव्हाऱ्याजवळ आहे, का ते विचारू नका.

दहा दिवसांनी आज्जी घरी आली. पहिल्या रात्री पाय लांब पसरून झोपलेली बघून आई दोनदा उठून श्वास चालू आहे का बघून आली.

आता गावातल्या बायका बघायला येतात तेव्हा आज्जी सगळ्यांना मांडीवर थाप मारून सांगते, ही मांडी गे, मंडी न्हवं. गुडघ्याचा पट्टा मामांनी नेला, त्यांचा गुडघा खरंच दुखतोय.