रीव्हो ॲबी: 'सोपी वाट' म्हणणाऱ्याला ऑक्टोबरात तिथं नेऊन सोडा

रीव्हो ॲबी म्हणजे उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधे असलेला जुना, पडका ख्रिस्ती मठ. स्पेलिंग बघून रिव्हॉल्क्स म्हणालात तर तिथं कुणाला कळणार नाही, रीव्हो म्हणा.

हेल्म्सली गावापासून तीन मैल, निवांत वॉक, पोरंटोरंपण करतात असं ऐकून गेलो. सांगणारा बहुतेक जूनमधे गेला असावा, मी ऑक्टोबर संपताना गेलो. सुरुवातीची शेताकडेची वाट बरी आहे, काही सांगण्यासारखं नाही. पण पुढे जंगलातून उतार लागतो तिथं ओल्या पानांखाली नुसता चिखल, भातखाचरात उतरल्यासारखा, आणि मी स्पोर्ट्स शूज घालून! दोनदा आपटलो. आपल्याकडे किल्ले करणाऱ्याला चढ-उताराचं काही वाटणार नाही, पण ग्रिपवाले बूट आणि काठी नसेल तर सरळ रस्त्याने जा.

खाली पोचल्यावर मात्र दम निघून गेला. बाराव्या शतकात इथं १४० भिक्षू आणि ५०० श्रमिक बंधू (मठाची अंगमेहनतीची कामं करणारे) होते म्हणे, १५३८ ला इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला तेव्हा जेमतेम वीसएक उरले होते. मी समजत होतो धर्मसुधारणा म्हणजे बायबल, पोपविरुद्ध उभा राहिलेला ल्यूथर, वादविवाद वगैरे. इथल्या म्युझियममधे शिशाची लादी ठेवलीय, तिच्यावर राजाचा शिक्का. छपराचं शिसं उतरवलं, आतलंच लाकूड जाळून वितळवलं, शिक्के मारले, आणि काही लाद्या पडलेल्या भिंतीखाली गाडल्या गेल्या त्या विसाव्या शतकात सापडल्या. सुधारणा कसली, वसुली! जागा गेली अर्ल ऑफ रटलंड या सरदाराला. आणि आधी १५३६ ला उत्तरेत हजारो लोक मठांसाठी उठले होते, त्यांचा पुढारी रॉबर्ट ॲस्क, त्याला १५३७ ला यॉर्कमधे फाशी दिली.

वरच्या रीव्हो टेरेसवरून (टेकडीवरची हिरवळ) ॲबी मस्त दिसते, पण तिकीट वेगळं, संस्था वेगळी, आणि तिथून खाली थेट वाट नाही, परत रस्त्यानेच यायचं. एकच करायचं असेल तर ॲबीच करा.

परतताना अंधार पडला म्हणून टॅक्सी बोलावली. तीन मैलांचे २८ पाऊंड! तीस पाऊंड दिले, एकेक पाऊंडाची दोन नाणी परत आली. राग आला होता म्हणून नाणी न्याहाळत बसलो तर राणी एलिझाबेथच्या नावापुढे एफ डी. म्हणजे लॅटिनमधे फिदेई देफेन्सोर, 'धर्मरक्षक'. ही पदवी पोप दहाव्या लिओने हेन्रीला १५२१ मधे दिली होती, ल्यूथरच्या विरोधात पुस्तक लिहिलं म्हणून! पुढे १५३४ ला पोपला बाजूला सारून चर्चचा प्रमुख स्वतःच झाला तरी पदवी काही सोडली नाही, आणि १५३९ च्या कायद्यात पाद्र्यांनी लग्न करायचं नाही हा जुनाच नियम ठेवला. खरं प्रोटेस्टंट वळण १५४७ नंतर, पोरगा सहावा एडवर्ड गादीवर आला तेव्हा.

टॅक्सीत बसायच्या आधी भाडं विचारा. आणि यॉर्कची शेवटची बस कितीला ते सकाळीच बघून ठेवा, मी नव्हतं बघितलं.