गाडी कुठे लावायची आणि गळ कुठे टाकायचा

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन, साउथ ब्रन्सविक या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना अटलांटिक महासागर तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. तरीही बहुतेकांचा त्याच्याशी संबंध जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी वाळूत छत्री रोवून बसण्यापुरताच येतो. ज्यांना कोकणात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायची सवय होती, अशा थोड्यांना मात्र हा किनारा निराळ्या कारणासाठी खुणावतो. होडी लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. नऊ-दहा फुटी काठी, आमिषाचा डबा आणि कमरेला पट्टा आवळलेली रबरी विजार एवढ्यावर लाटांत उभे राहता येते. या प्रकाराला येथे सर्फ फिशिंग म्हणतात. त्यात अवघड भाग गळ फेकण्याचा नसून, पायी जाता येईल आणि मासा असेल अशी जागा शोधण्याचा आहे.

रेवदंड्याच्या किंवा आंजर्ल्याच्या वाळूवर चालत जाणाऱ्याला कोणी तिकीट विचारत नाही, त्यामुळे समुद्रावर जायला पैसे पडतात हे ऐकून भारतातले नातेवाईक चकित होतात. न्यू जर्सीतील पुष्कळ गावे उन्हाळ्यात, म्हणजे साधारण मे अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, किनाऱ्यावर येणाऱ्यांकडून प्रवेशाच्या बिल्ल्याचे पैसे घेतात. ॲटलांटिक सिटी आणि वाइल्डवूड येथे मात्र असे शुल्क नाही. कायद्याची बाजू सामान्य माणसाच्या चांगलीच बाजूने आहे. सरासरी भरतीरेषेच्या खालची जमीन राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायची, हे तत्त्व येथे जुने आहे. बाहेरच्या माणसाकडून गावकऱ्यांपेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही, असा निकाल १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एव्हन-बाय-द-सी या गावाच्या प्रकरणात दिला. १९८४ च्या बे हेड या गावातील प्रकरणात त्याच न्यायालयाने, पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी आणि त्याचा उपभोग घेण्यासाठी लागेल तेवढी कोरडी वाळूही लोकांना वापरू द्यावी, असे म्हटले. २०१९ मध्ये हे तत्त्व विधिमंडळाने कायद्यात लिहून काढले.

पण न्यायालयाने वाळू खुली केली, तरी गाडी उभी करायला जागा कोणी दिलेली नाही. माझ्या मते, या किनाऱ्यावरची अर्धी लढाई वाहनतळाची आहे. श्रीमंत वस्तीच्या काही गावांत समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी पाटी असते, आणि तिच्यावरची दोन तासांची मर्यादा, रहिवाशांसाठी राखीव तास, रात्री गाडी लावण्यास मनाई हे सारे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मासे पहाटे आणि तिन्हीसांजेला काठाशी येतात, तर पाट्या नेमक्या त्याच वेळांवर डोळा ठेवून लिहिल्यासारख्या वाटतात. म्हणून नकाशा उघडताना पाण्याआधी रस्ते पाहावेत: कोणती गल्ली वाळूपर्यंत जाते, तिच्या टोकाला दोन कुंपणांमधून पायवाट आहे का, आणि गाडीपासून पाण्यापर्यंत सामान घेऊन किती चालावे लागेल. वाळूच्या टेकड्यांवरून वाट काढण्यास बंदी असते. ठरलेल्या पायवाटेनेच जावे लागते.

ही कटकट नको असेल, तर दोन जागा हाताशी आहेत. पहिली सँडी हूक, म्हणजे उत्तरेकडे न्यूयॉर्कच्या दिशेने गेलेली वाळूची जीभ, जी राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. तिच्या टोकाशी उपसागराचे आणि महासागराचे पाणी एकमेकांवर आदळते आणि प्रवाह ओढाळ असतो. तेथपर्यंत पोहोचायला बरेच चालावे लागते, आणि त्यामुळेच गर्दी कमी असते. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत पायपिंग प्लोव्हर या छोट्या पक्ष्याच्या विणीसाठी किनाऱ्याचे काही भाग दोरी लावून बंद ठेवतात, तेव्हा वाट वाकडी करावी लागते. दुसरी जागा आयलंड बीच स्टेट पार्क. ही जमीन राज्याने १९५३ मध्ये विकत घेतली आणि १९५९ मध्ये लोकांसाठी खुली केली. सुमारे दहा मैलांचा जवळजवळ बिनघरांचा किनारा, आणि दक्षिणेच्या भागात रस्त्यालगत ओळीने क्रमांक दिलेले वाहनतळ. परवाना काढून वाळूवर चारचाकी हाकणारे लोक येथे दिसतात, पण पायी जाणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. शेवटच्या वाहनतळापासून बार्नेगॅट खाडीच्या मुखापर्यंत दीड मैलाच्या आसपास चाल आहे, आणि पलीकडच्या काठावर बार्नेगॅटचे दीपगृह दिसते.

जागेवर पोहोचल्यावर मासा कुठे असेल हे वाचावे लागते, आणि हे काम ओहोटीच्या वेळी, उजेडात, काठी गाडीत ठेवून करावे. कोकणातल्या माणसाला येथे एक अडचण जाणवते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरपर्यंत चढते, त्यामुळे सुकतीला समुद्राचा तळच उघडा पडतो. न्यू जर्सीत भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आसपास असल्याने तळ बहुधा पाण्याखालीच राहतो, आणि तो लाटांवरून ओळखावा लागतो. किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा असतो. लाट त्याच्यावर येऊन पांढरी फुटते, आतल्या खोलगट पन्हळीत पुन्हा शांत होते आणि काठाशी दुसऱ्यांदा फुटते. दांड्यावर फुटणारी पांढरी रेघ जेथे तुटते आणि मधला पट्टा गडद, गुळगुळीत दिसतो, तेथे दांड्याला खिंड आहे. पन्हळीत साचलेले पाणी त्याच खिंडीतून बाहेर ओढले जाते आणि बारीकसारीक खाद्य घेऊन जाते, म्हणून मोठा मासा तिच्या तोंडाशी टपून असतो. पोहणाऱ्याला जीवघेणा ठरणारा हाच ओढा गरवणाऱ्याला हवा असतो, तेव्हा गुडघ्यापलीकडे पाण्यात न शिरलेलेच बरे. काठावर परत फिरणाऱ्या लाटेच्या पातळ पाण्यात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बारीक रेघा उठत असतील, तर खाली करंगळीच्या पेराएवढे, वाळूत उलटे घुसणारे खेकडे आहेत; ते जेथे दाट, तेथे मासा पायाशीही सापडतो. खिंड दिसली की मागे वळून एखादे छप्पर किंवा पाण्याची टाकी हेरून ठेवावी. जीवरक्षकाच्या उंच खुर्चीची खूण धरू नये, कारण ती हलवतात.

सगळा किनारा असा वाचता येत नाही. सी ब्राइटपासून मॅनस्क्वानपर्यंतच्या २१ मैलांत लष्कराच्या अभियंता विभागाने १९९४ पासून समुद्रातून वाळू उपसून काठावर ओतली. त्यामुळे घरे वाचली, परंतु दगडी बांधांच्या आजूबाजूचे खळगे बुजले आणि किनारा सपाट झाला, अशी जुन्या मासेमारांची तक्रार असते. ती मला रास्त वाटते. ताज्या भरावाच्या वाळूत मैलभर चालूनही एक खिंड दिसत नाही. आमिषाच्या दुकानात विचारले, तर मासा काय खातो आहे हे मोकळेपणाने सांगतात, कुठे खातो आहे हे सांगत नाहीत. तो शिष्टाचार समजून घ्यावा आणि कुणाच्या शेजारी जाऊन गळ टाकू नये.

नियम थोडे पण काटेकोर आहेत. खाऱ्या पाण्यात गळाने मासे धरण्यास येथे परवाना लागत नाही, पण राज्याकडे दरवर्षी मोफत नोंदणी करावी लागते. स्ट्राइप्ड बास हा येथील मानाचा मासा. तो सध्या दिवसाला एकच, आणि तोही २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आतला, ठेवता येतो. लहान किंवा मोठा असेल तर परत सोडावा लागतो. त्याच्यासाठी नैसर्गिक आमिष वापरताना टोक आत वळलेला गोल गळच लावावा लागतो, म्हणजे तो माशाच्या पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो.

मुलांकडे राहायला येणारे आई-वडील बहुधा मे ते ऑगस्ट या काळात येतात. गरवण्याच्या दृष्टीने यातला जून अखेरीपासूनचा काळ सर्वांत वाईट: पाणी कोमट, वाळूवर माणसे, आणि जीवरक्षक हजर असेपर्यंत पोहण्याच्या पट्ट्यात गळ टाकण्यास मनाई. सप्टेंबरमध्ये बोयटाच्या जातीतले मुलेट काठाकाठाने दक्षिणेकडे निघते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या आणि इतर बारीक माशांच्या मागे बास उतरतो, बिल्ल्याचे शुल्क संपलेले असते आणि बऱ्याच गावांतल्या पार्किंगच्या पाट्याही सौम्य होतात. मालवण-दापोलीकडचे, गळाचा नाद असलेले वडील यायचे असतील, तर त्यांचे तिकीट दसऱ्याच्या सुमाराचे काढावे आणि सामानात लोकरी मोजे घालायला सांगावे.