तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठी वितळल्यानंतरची वीस मिनिटं

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्रयीतल्या तिसऱ्या चित्रपटाचा, 'द रिटर्न ऑफ द किंग'चा विषय निघाला की मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. जग गुलाम करू शकणारी अंगठी लाव्हात पडली, ती घडवणाऱ्या दुष्ट सॉरॉनचा मनोरा कोसळला, त्याच्या मॉर्डोर राज्याचं सैन्य जमिनीनं गिळलं. एवढं झाल्यावर पुढची वीसेक मिनिटं कशासाठी? पडदा काळा होतो, आता श्रेयनामावली येणार म्हणून लोक चपला शोधू लागतात, तर पुन्हा उजेड. पुन्हा काळोख, पुन्हा उजेड. दिग्दर्शक पीटर जॅक्सनला एक शेवट धरून थांबता आलं नाही का? 2003 साली चित्रपट आला तेव्हाही ही तक्रार होती. पुढच्या वर्षी अकरा नामांकनांपैकी अकराच्या अकरा ऑस्कर मिळाले, तरी ती काही मिटली नाही. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण असंही म्हणतात, की तू एवढी या त्रयीची चाहती, निदान शेवट लांबलाय एवढं तरी कबूल कर.

नाही करत. मला ती वीस मिनिटं या तिन्ही चित्रपटांचा गाभा वाटतात.

आधी माउंट डूमवर, म्हणजे अंगठी जिथे नष्ट करायची त्या ज्वालामुखीवर, नेमकं काय होतं ते आठवा. ती टाकायला आलेला फ्रोडो, हॉबिट नावाच्या बुटक्या जमातीतला, कड्यावर उभा आहे, खाली आग आहे, मागून त्याचा माळी आणि सोबती सॅम ओरडतोय, टाक ती. आणि फ्रोडो टाकत नाही. अंगठी माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. ज्याच्यासाठी आपण नऊ तास जीव मुठीत धरून बसलो तो शेवटच्या पावलावर हरतो. अंगठीनं पछाडलेला गोलम त्याचं बोट चावून तोडतो, झटापट होते आणि अंगठी त्याच्यासकट खाली जाते. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या टॉल्किननं नंतर एका पत्रात लिहिलं होतं, की त्या जागी, त्या क्षणी अंगठीची ताकद इतकी असते की कुणालाच ती नाकारता आली नसती. फ्रोडोनं तिला तिथपर्यंत आणलं, हीच माणसाच्या आवाक्यातली शर्थ. मला हे फार मोठं वाटतं. पण फ्रोडोला स्वतःला ते कसं पटणार? जग वाचलं, आणि आपण ऐन वेळी ते वाचवायचं नाकारलं होतं, हे दोन्ही त्याला ठाऊक आहे. मनोरा कोसळताना चित्रपट संपवला असता, तर जो जिंकलाच नाही त्याच्या विजयाचे ढोल वाजवून आपण घरी गेलो असतो.

आपल्याकडच्या वाचकाला तर हे अवघड जाऊच नये. महाभारतात अठराव्या दिवशी भीमाची गदा दुर्योधनाच्या मांड्यांवर पडते, शल्यपर्व संपतं, आणि अठरा पर्वांपैकी नऊ अजून उरलेली असतात. निम्मी. गांधारी रणांगणावर प्रेतं ओळखत फिरते, युधिष्ठिराला जिंकलेलं राज्य नकोसं होतं, यादव आपसांत मारामारी करून संपतात, पांडव सगळं सोडून हिमालयाची वाट धरतात. व्यासांनी दुर्योधनाशी थांबायला हवं होतं असं कुणी म्हणत नाही. युद्धानं काय केलं ते युद्ध संपल्यावरच कळतं.

आता ते शेवट. सगळे मला सारखे प्रिय नाहीत. मिनास टिरिथ या राजधानीत फ्रोडो पलंगावर जागा होतो आणि एकेक मित्र संथ गतीत, हसत आत येतो, तो प्रसंग कापला असता तरी मी भांडले नसते. नवा राजा आरागॉर्नच्या राज्याभिषेकात मात्र एक जागा आहे. फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चौघे हॉबिट राजासमोर वाकू लागतात आणि तो त्यांना थांबवतो. तुम्ही कुणापुढे वाकायचं नाही, म्हणतो, आणि स्वतः गुडघ्यावर बसतो. त्याच्यामागे सगळी नगरी वाकते. उभे राहतात ते हे चार बुटके, आणि कुठं बघावं ते त्यांना कळत नाही.

त्यानंतर हॉबिटांचा मुलुख शायर, आणि माझ्या मते तिन्ही चित्रपटांतला सगळ्यात धीट प्रसंग. चौघे उंची कपड्यांत तट्टांवरून गावात शिरतात. झाडलोट करणारा एक म्हातारा त्यांच्याकडे त्रासिक नजरेनं बघतो आणि मान हलवतो. ही त्यांच्या स्वागताची मिरवणूक. मग ग्रीन ड्रॅगन, त्यांचं जुनं पेयपान करायचं ठिकाण. गर्दी आहे, हसणं-खिदळणं आहे. कुणीतरी एक भलामोठा भोपळा घेऊन येतो आणि सगळं गाव त्या भोपळ्याभोवती गोळा होतं. हे चौघे आपले पेले घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेत. एकाच्या हाताला एक बोट कमी आहे. कुणी विचारत नाही. ते एकमेकांकडे बघतात, पेले भिडवतात, पितात. चौघांत संवाद एकही नाही.

पुस्तक वाचलेले इथे मला अडवतात, आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. पुस्तकात हॉबिट परततात तेव्हा शायर लुटलेलं असतं. सॉरॉनला सामील झालेल्या सारुमान या जादूगाराच्या माणसांनी झाडं तोडलेली, घरं पाडलेली, आणि चौघांना आपल्याच गावात शेवटची लढाई लढावी लागते. चित्रपटानं ते अख्खं प्रकरण गाळलं. पुस्तकातलं ते माझं अतिशय आवडतं प्रकरण आहे, तरीही मला चित्रपटाचा निर्णय मान्य आहे. पुस्तकात निदान गावाला ठाऊक असतं की बाहेर काहीतरी भयंकर घडलं, कारण त्याची धग गावालाही लागलेली असते. चित्रपटातल्या शायरला ओरखडाही उमटलेला नाही. फ्रोडो ज्यासाठी गेला ते त्याला शंभर टक्के मिळालंय: गाव जसंच्या तसं, भोपळ्याच्या कौतुकात रमलेलं. आणि त्यामुळेच आपण कुठून आलो हे तिथं कुणालाही सांगता येणार नाही. मला हे उद्ध्वस्त शायरपेक्षा जास्त लागतं.

टॉल्किन 1916 साली सॉमच्या लढाईत होता, सिग्नल विभागातला अधिकारी म्हणून, आणि खंदकातल्या तापानं आजारी होऊन इंग्लंडला परतला. शाळेपासूनची त्याची चार मित्रांची घट्ट चौकडी होती. त्यातले दोघे त्याच वर्षी गेले. 1918पर्यंत आपल्या जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे मेले होते, असं त्यानं पुढे पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं. युद्धाचं रूपक म्हणून आपली गोष्ट वाचलेली त्याला आवडत नसे, तेव्हा मीही तसं वाचत नाही. पण युद्धावरून परतलेला माणूस दिवाणखान्यात कसा बसतो हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भोपळ्याचा प्रसंग चित्रपटवाल्यांचा आहे, टॉल्किनचा नाही. तरी तो त्याला समजून घेऊनच रचलेला आहे.

फ्रोडो पुढे आपली हकिकत लिहायला बसतो आणि लिहिता लिहिता खांदा धरतो. पहिल्या चित्रपटात वेदरटॉप टेकडीवर लागलेलं ते पातं. चार वर्षं झाली, तो सॅमला सांगतो, पण ती जखम कधी नीट भरलीच नाही. पुस्तकात तर तो त्या त्या तारखांना आजारी पडतो, ऑक्टोबरात वेदरटॉपच्या दिवशी, मार्चमध्ये शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या दंशाच्या दिवशी. ज्यांच्या घरात असं कुणी आहे, जे ठरावीक दिवस जवळ आले की गप्प होतं, त्यांना हे तपशील कल्पित वाटणार नाहीत.

म्हणून ग्रे हेवन्स, जिथून कायमचं निघून जायचं ते बंदर. आपण शायर वाचवायला निघालो होतो आणि ते वाचलंही, पण माझ्यासाठी नाही, असं फ्रोडो सांगतो तेव्हा सॅमचा चेहरा बघवत नाही. हा प्रसंग त्यांना तीनदा चित्रित करावा लागला होता. एकदा सॅम झालेल्या शॉन ॲस्टिनच्या अंगात जेवणानंतर जाकीट घालायचं राहिलं, एकदा फोकस बिघडला. तिन्ही वेळा सगळे तितकेच रडले असणार, कारण पडद्यावर जे आहे त्यात नाटक दिसत नाही. जहाजावर चढण्याआधी फ्रोडो वळून हसतो, आणि पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीनंतर तो असा मोकळा हसलेला आपण पाहिलेलाच नसतो. त्या वेळी जे सूर वाजतात ते संगीतकार हॉवर्ड शोरनं आधीच पेरून ठेवलेले आहेत. मिनास टिरिथचं दार फुटायला आलेलं असताना भेदरलेल्या पिपिनला जादूगार गॅन्डाल्फ मृत्यूपलीकडच्या पांढऱ्या किनाऱ्याबद्दल सांगतो, ते बोलणं ऐका. हीच सुरावट, आणि शेवटी ॲनी लेनॉक्सच्या गाण्यात हीच. ते शब्दही पुस्तकात फ्रोडोच्या शेवटच्या प्रवासाच्या वर्णनात आहेत. म्हणजे निरोपाची तयारी तासभर आधी सुरू झालेली असते. उगाच जोडलेला शेवट असा बांधलेला नसतो.

आणि सगळ्यात शेवटी सॅम घरी येतो. मुलगी धावत येते, बायको रोझी बाळाला घेऊन येते, तो म्हणतो, आलो मी परत. पुस्तकातलं शेवटचं वाक्यही त्याचंच. नावात राजा असलेला चित्रपट एका माळ्याच्या दारात संपतो, हे मला जॅक्सननं टॉल्किनला दिलेलं सगळ्यात प्रामाणिक वचन वाटतं.

चाहती आहे म्हणून सगळंच गोड मानते असं नाही. मॉर्डोरच्या वाटेवरच्या जिन्यावर फ्रोडो सॅमला हाकलून देतो, तेही पावाच्या चुऱ्यावरून, हे पुस्तकात नाही आणि मला ते आजही पटत नाही. त्या दोघांत गोलमला एवढी मोठी फट पाडता येईल, असं दोन चित्रपटांनी कुठेच दाखवलेलं नव्हतं. मेलेल्यांचं हिरवं सैन्य मिनास टिरिथसमोरच्या पेलेनॉरच्या मैदानात येऊन लढाई पुसून टाकतं, तेव्हा मदतीला धावून आलेल्या रोहानच्या घोडेस्वारांचं बलिदान हलकं होतं. पुस्तकात ती भुतं दक्षिणेत जहाजांपाशीच आपलं काम करून मोकळी होतात. आणि सारुमानचा अंत थिएटरच्या आवृत्तीतून कापायला नको होता. मला कापायचं असतं तर मी तो जिना आणि ते हिरवं सैन्य कापलं असतं, भोपळा नाही.

पुढचा प्रश्न बहुतेक हाच येतो, की कुठली आवृत्ती पाहावी. पहिल्यांदा पाहत असाल तर थिएटरची, 201 मिनिटांची. सारुमानचं काय झालं याची चुटपुट लागली तर मग चार तासांहून मोठी, वाढवलेली आवृत्ती. दोन्हींत ती वीस मिनिटं सलग बघा, मध्ये फोन घेऊ नका. आणि नावं सुरू झाली तरी उठू नका, कारण चित्रकार ॲलन लीनं काढलेली सगळ्या प्रमुख नटांची पेन्सिलीतली चित्रं तिथं आहेत आणि गाणंही तेव्हाच सुरू होतं.